शब्दांचा धनी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून अमेरिकेतील एका रॅप गायकाची कथा सांगावयाची, हे ऐकून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर त्यात नवल नाही. ज्यात सूर थोडा आणि बोलणे फार, ज्यात शिव्यांची खैरात, त्या गाण्याचा इतिहासाशी संबंध तो काय? ही शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर आरंभीच देतो. त्या गाण्याची भलामण करावयास मी उभा राहिलेलो नाही. माझा विषय एक जुना प्रश्न आहे. चार जण मिळून एखादी कलाकृती उभी करतात, तेव्हा त्यात एकाचा शब्द असतो, दुसऱ्याचा आवाज, तिसऱ्याची वाद्यरचना आणि चौथ्याचे भांडवल. अशा वेळी त्या शब्दाचा धनी कोण? आणि शब्द लिहिणारा उद्या मेळा सोडून एकटा निघाला, तर त्याच्या पदरात काय पडते आणि त्याच्या शिरावर काय येते? आइस क्यूब, म्हणजे बर्फाचा खडा, या नावाने जगाला ठाऊक असलेल्या ओशे जॅक्सनच्या १९८७ ते १९९२ या सहा वर्षांत या प्रश्नाची दोन्ही अंगे जितकी स्पष्ट दिसतात, तितकी ती क्वचितच दिसतात.

प्रथम रॅप म्हणजे काय ते पाहू. तालावर बोलून दाखविलेली यमकबद्ध रचना, एवढी व्याख्या आज पुरे. तिचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकाहून आलेल्या कुटुंबातील एका तरुणाने, ज्याला पुढे कूल हर्क म्हणू लागले, आपल्या बहिणीच्या समारंभात तबकड्या वाजविल्या. नाचणाऱ्यांना गाण्यातील नुसत्या ढोलाचा तुकडा सर्वांत आवडतो, हे त्याने हेरले होते. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तोच तुकडा तो लांबवीत नेऊ लागला. त्या लांबविलेल्या तालावर कोणीतरी बोलू लागला, आणि बोलता बोलता त्याचे काव्य झाले.

या काव्याची जी तबकडी पहिल्यांदा देशभर गाजली, तिच्या जन्मातच आपला प्रश्न दडलेला आहे. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' हे गाणे निघाले. त्यातील एक गायक हँक हा स्वतः रचना करणारा नव्हे. त्याने ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्समधल्या कवीच्या वहीतून ओळी उचलल्या. कॅझने आपले टोपणनाव अक्षरांची फोड करून ज्या ओळीत गुंफले होते, ती ओळही त्याने जशीच्या तशी म्हटली! तबकडी लाखांनी खपली. कॅझचे नाव तिच्यावर नव्हते आणि तिच्या पैशातही त्याचा वाटा नव्हता. वही एकाची आणि नाव दुसऱ्याचे, हा या धंद्याचा श्रीगणेशा होता.

आता न्यूयॉर्कचा पूर्व किनारा सोडून आपण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसला जाऊ. कारण आपला नायक तिथला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील जहाजांच्या आणि विमानांच्या कारखान्यांना माणसे हवी होती, आणि दक्षिणेतील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने गेली. परंतु त्यांना वाटेल तेथे घर घेता येत नसे. घरांच्या खरेदीखतातच वंशाची अट घातलेली असे. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत असा निर्णय दिला, तेव्हा काँप्टनसारखी उपनगरे हळूहळू खुली झाली. पण शेजारी येऊ लागताच गोरी कुटुंबे तेथून निघून गेली. १९६५ च्या ऑगस्टमध्ये वॉट्स भागात दंगल उसळली आणि ३४ माणसे मेली. पुढे साउथ गेट येथील फायरस्टोनचा टायरचा कारखाना १९८० मध्ये आणि जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. बापाची नोकरी मुलाला मिळण्याचा मार्ग खुंटला. त्याच दशकात क्रॅक हे स्वस्त मादक द्रव्य आले, त्याच्या मागोमाग टोळ्यांची शस्त्रे आली, आणि टोळ्यांच्या मागे पोलिसांच्या धाडी. १९८८ च्या एप्रिलमध्ये एकाच मोहिमेत पोलिसांनी हजाराहून अधिक लोकांना पकडले. रस्त्यावर उभा असलेला प्रत्येक कृष्णवर्णीय तरुण हा गुन्हेगारच, असे धरून चालण्याची रीत पडली होती.

ओशे जॅक्सन हा साउथ सेंट्रल या भागात १५ जून १९६९ रोजी जन्मला. घरी आईवडील दोघेही कष्ट करणारे. 'आइस क्यूब' हे नाव थोरल्या भावाच्या धमकीतून आले. फार ऐट करशील तर शीतपेटीत कोंबीन आणि बर्फाचा खडा झाल्यावर बाहेर काढीन, असे तो म्हणे. शिक्षणासाठी ओशेला बसने दूर सॅन फर्नांडो खोऱ्यातील सुखवस्तू वस्तीच्या शाळेत पाठवीत. रोज सकाळी एक शहर सोडावयाचे, दुसऱ्या शहरात बसावयाचे आणि संध्याकाळी पुन्हा पहिल्यात परतावयाचे. माझ्या मते, दोन जगांतील अंतर मोजण्याची त्याची नजर या प्रवासात तयार झाली. नववीच्या वर्गात टंकलेखनाच्या तासाला एका सोबत्याने पैज लावली, की बघू कोणाची कविता चांगली होते. आणि तेथून त्याची वही सुरू झाली.

त्याच्या आसपास जे तरुण जमले, त्यांच्यात प्रत्येकाजवळ एकेक गोष्ट होती. आंद्रे यंग, म्हणजे डॉक्टर ड्रे, याच्याजवळ कान होता. तबकड्यांतून आणि यंत्रांतून ताल कसा बांधावा हे त्याच्याइतके कोणाला समजत नसे. एरिक राइट, म्हणजे ईझी-ई, याच्याजवळ पैसा होता. तो मादक द्रव्यांच्या विक्रीतून आला, हे तो स्वतःच सांगे. क्यूबजवळ शब्द होते. १९८७ मध्ये ईझीने रूथलेस रेकॉर्ड्स ही कंपनी काढली आणि जेरी हेलर या संगीतव्यवसायात मुरलेल्या गृहस्थाला व्यवस्थापक म्हणून जोडले. त्याच वर्षी क्यूबने 'बॉइज-एन-द-हूड' ही रचना न्यूयॉर्कच्या एका गटासाठी लिहिली होती. पण तो गट ती म्हणावयास तयार होईना. तेव्हा ड्रेने ईझीलाच ध्वनिक्षेपकासमोर उभे केले. ईझी काही गायक नव्हता. एकेक ओळ शिकवीत, एकेक ओळ मुद्रित करीत ते गाणे पुरे झाले, आणि ते गाजले. लोकांच्या ओठी ईझीचे नाव बसले. शब्द क्यूबचे होते.

येथे एक लहानशी गोष्ट ध्यानात ठेवावी. या यशानंतरही क्यूबला हा धंदा पोटाला पुरेल अशी खात्री नव्हती. म्हणून तो ॲरिझोना राज्यात फीनिक्स येथे वास्तूंचे आराखडे काढण्याचा वर्षाचा अभ्यासक्रम करण्यास गेला. कविता फसली तर हाती एखादा हुन्नर असावा, हा मध्यमवर्गीय शहाणपणा त्याच्यात होता. आणि पुढे करारनाम्याचा कागद समोर आला तेव्हा हाच शहाणपणा कामी आला.

तो परतला, आणि या मंडळींच्या गटाची, म्हणजे एन. डब्ल्यू. ए. ची, 'स्ट्रेट आउटा काँप्टन' ही तबकडी १९८८ मध्ये निघाली. एम. सी. रेन हा दुसरा कवी आणि डी. जे. येला हा ड्रेचा जोडीदार, असे दोघे त्यात आणखी होते. नभोवाणी केंद्रांनी ती जवळजवळ वाळीतच टाकली. तरीही वर्षाच्या आत तिने दहा लाखांचा पल्ला गाठला. तिच्यातील पोलिसांविरुद्धच्या एका गाण्याने देश हादरला. ते गाणे खटल्याच्या रूपात रचले आहे. त्यात न्यायाधीश आहे, साक्षीदार आहेत, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात पोलीस खाते उभे आहे. १९८९ च्या ऑगस्टमध्ये संघराज्याच्या गुप्तपोलीस खात्याचे, म्हणजे एफ. बी. आय. चे, एक वरिष्ठ अधिकारी मिल्ट अॅलरिच यांनी वितरक कंपनीला पत्र लिहून, अशा गाण्याने पोलिसांवरील हिंसेस उत्तेजन मिळते असा निषेध नोंदविला. त्याच महिन्यात डेट्रॉइट येथे गटाने ते गाणे सुरू करताच पोलीस रंगमंचाकडे धावले आणि कार्यक्रम उधळला गेला. वीस वर्षांच्या पोराच्या वहीतील ओळींची दखल राजधानीत घेतली जावी, याहून शब्दाच्या सामर्थ्याचा दुसरा दाखला कोणता हवा?

परंतु शब्दाची ख्याती निराळी आणि शब्दाचा मोबदला निराळा. दौऱ्यांना गर्दी होत होती, तबकडी खपत होती; आणि ज्याने आपल्या तोंडचे शब्द तर लिहिलेच, पण ईझीच्या तोंडचेही बरेच लिहिले, त्याच्या हाती येणारी रक्कम त्या मानाने थोडी होती. त्या दौऱ्यातच गटातील मुलांपुढे करारनामे ठेवण्यात आले. सही करा आणि मोठ्या रकमेचा धनादेश घेऊन जा, असा तो व्यवहार. बाकीच्यांनी सह्या केल्या. क्यूब म्हणाला, माझ्या वकिलाने कागद पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही. काटकसरीच्या घरात वाढलेल्या मुलाने समोरचा धनादेश दूर सारावा, हे सोपे नाही. १९८९ च्या अखेरीस त्याने गट सोडला. न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे, की आपण मुलांना फसविले हा आरोप हेलर यांनी कधीच मान्य केला नाही आणि २००६ मध्ये आत्मकथन लिहून आपली बाजू मांडली. तथापि १९९१ मध्ये खुद्द ड्रेनेही हिशोबाच्या तक्रारीवरूनच ती कंपनी सोडली, ही गोष्ट बोलकी आहे.

एकटा निघालेल्या क्यूबची पहिली अडचण अशी, की शब्द जवळ असले तरी ताल त्याच्याजवळ नव्हता. ताल ड्रेचा होता. आपली स्वतंत्र तबकडी ड्रेनेच रचावी अशी त्याची इच्छा होती. कंपनीने ती मान्य केली नाही. तेव्हा तो न्यूयॉर्कला गेला. तेथे पब्लिक एनिमी या गटासाठी काम करणारी बाँब स्क्वॉड ही रचनाकारांची मंडळी होती. जुन्या तबकड्यांतील शेकडो तुकडे एकावर एक रचून गलबला उभा करावयाचा, ही त्यांची पद्धत. क्यूबने आपला जुना सोबती सर जिंक्स याला बरोबर नेले आणि १९९० च्या मे महिन्यात 'अमेरिकाज मोस्ट वाँटेड' ही पहिली स्वतंत्र तबकडी काढली. पश्चिमेचा शब्द आणि पूर्वेचा ताल यांचा हा संगम लोकांनी उचलून धरला. त्याच वर्षी तिनेही दहा लाखांची मजल मारली. गट सोडला की माणूस बुडतो, ही या धंद्यातील समजूत तिने खोटी ठरविली.

या तबकडीतील एक गोष्ट मला विशेष वाटते. क्यूबच्या काव्यात स्त्रियांविषयी जी भाषा येते, ती सभ्य माणसाला ऐकवत नाही; तिचे समर्थन मी करणार नाही. परंतु या तबकडीत त्याने यो-यो या तरुणीला समोर उभे केले आणि आपल्या मुजोरीला तिच्याकडून तोडीस तोड उत्तरे देवविली. आपल्याकडील सवाल-जवाब ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना या प्रकाराची गोडी सांगावयास नको. पुढल्याच वर्षी त्याने यो-योची स्वतंत्र तबकडी काढण्यास हातभार लावला. दुसऱ्याच्या कंपनीतून बाहेर पडलेला माणूस आता स्वतःच इतरांना उभे करू लागला.

येथवरची कथा विजयाची आहे. ती येथेच संपविली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण मग ती अर्धीच झाली असती.

मागे राहिलेल्या सोबत्यांनी १९९० च्या तबकडीत क्यूबला फितूर म्हटले. १९९१ च्या ऑक्टोबरअखेर 'डेथ सर्टिफिकेट' या तबकडीत त्याने त्याचे उत्तर दिले. कलगी-तुऱ्याच्या झगड्यातही इतके जहर क्वचित असेल. चौघा जुन्या मित्रांची त्याने नावे घेऊन चामडी लोळविली; आणि हेलर यांच्यावर बोलताना त्याने त्यांचे ज्यू असणेच अपराध म्हणून पुढे केले. व्यवहाराच्या तक्रारीला जातीच्या द्वेषाचा रंग चढला. त्याच तबकडीत कोरियन दुकानदारांवरचे एक गाणे होते. त्यामागे एक खरी जखम होती. १९९१ च्या मार्चमध्ये एका पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला, फळांच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या झटापटीनंतर, एका कोरियन दुकानदार बाईने मागून गोळी घालून ठार केले; आणि नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी त्या बाईस तुरुंगवासाची शिक्षा दिली नाही. गाणे या निकालाच्या आधीचे. पण त्यात सबंध समाजाला धमकी होती, दुकाने जाळण्याची भाषा होती.

यावर गहजब झाला. 'बिलबोर्ड' या संगीतव्यवसायाच्या मुखपत्राने अग्रलेखातून निषेध केला. सायमन विझेन्थल केंद्राने ही तबकडी विकू नका असे दुकानांना आवाहन केले. ब्रिटनमध्ये ती निघाली ती ही दोन्ही गाणी गाळून. कोरियन किराणा दुकानदारांच्या संघटनेने, ज्या मद्याची जाहिरात क्यूब करीत असे, त्या मद्यावरच बहिष्कार घातला. अखेर १९९२ च्या आरंभी क्यूबने त्यांच्या प्रतिनिधींची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त केली.

गटात असताना एखाद्या ओळीवरून वादळ उठले, तर ते पाच जणांत वाटले जाई; हा कवीचा दोष, तो गायकाचा, तो कंपनीचा, असे म्हणता येई. आता मुखपृष्ठावर एकच नाव होते. ज्याने आपल्या शब्दांचा मोबदला एकट्याने मागितला, त्याच्याकडे त्या शब्दांचा जाबही लोकांनी एकट्याकडेच मागितला. धनी व्हावयाचे तर नफ्याबरोबर नुकसानही आपल्याच खात्यावर मांडावे लागते.

२९ एप्रिल १९९२ रोजी निकाल लागला. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी १९९१ च्या मार्चमध्ये केलेली मारहाण चलच्चित्रात टिपली गेली होती आणि जगाने ती पाहिली होती. तरीही मारणारे पोलीस निर्दोष सुटले. लॉस एंजेलिस पेटले. साठांहून अधिक माणसे मेली, आणि कोरियन लोकांची दोन हजारांहून अधिक दुकाने लुटली वा जाळली गेली. क्यूबच्या गाण्याने आग लावली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आग लागण्याची कारणे मी वर सांगितली, आणि ती तीस-चाळीस वर्षे साचत आली होती. क्यूबने सहा महिने आधी धूर दाखविला, हे त्याच्या बाजूने खरेच आहे. पण धूर दाखविणे आणि जाळा म्हणणे यांत अंतर आहे, आणि त्या तबकडीत ते अंतर त्याने राखले नाही, हेही तितकेच खरे. एका कुटुंबाने कर्ज काढून थाटलेले दुकान राखेत जाताना पाहिले, त्याला हे दोन शब्दार्थ वेगळे करून सांगता येत नाहीत.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये निघालेली 'द प्रिडेटर' ही त्याची तबकडी पहिल्याच आठवड्यात विक्रीच्या यादीत अग्रस्थानी गेली. तिच्यातील सर्वांत लोकप्रिय गाण्यात कोणाशी भांडण नाही. एक साधा दिवस उगवतो आणि मावळतो. पोलीस अडवीत नाहीत, मित्र मरत नाही, एवढेच त्यातील सुख. इतक्या क्षुल्लक गोष्टी ज्या वस्तीत भाग्याच्या वाटतात, त्या वस्तीविषयी आणखी काही सांगावे लागत नाही. १९९१ मध्ये जॉन सिंगलटन यांच्या चित्रपटात त्याने भूमिका केली होती. १९९५ मध्ये 'फ्रायडे' हा विनोदी चित्रपट त्याने एका मित्रासह स्वतः लिहिला. त्याच वर्षी २६ मार्चला ईझी-ई हा एड्सच्या विकाराने, वयाच्या जेमतेम तिशीत, वारला. त्याआधी आपली भेट होऊन पुन्हा एकत्र येण्याचे बोलणे झाले होते, असे क्यूबने पुढे सांगितले. ते घडून आले नाही. ड्रे आणि रेन यांच्यासह तो २००० मध्ये पुन्हा एका दौऱ्यावर निघाला. गटाच्या कथेवर २०१५ मध्ये चित्रपट निघाला, त्याचे निर्माते क्यूब आणि ड्रे हे होते, आणि तरुण क्यूबची भूमिका क्यूबच्याच मुलाने केली. ज्या तबकडीविरुद्ध १९८९ मध्ये सरकारी पत्र निघाले, तीच २०१७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल करून घेतली. एका सरकारी कचेरीने धिक्कारावे आणि दुसरीने कपाटात जपून ठेवावे, यास अठ्ठावीस वर्षे लागली.

शेवटी फीनिक्सच्या त्या अभ्यासक्रमाकडे वळतो. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या कलेतिहासाविषयीच्या एका उपक्रमात क्यूब एका लघुपटात दिसला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची कल्पना ज्यांच्या १९५८ च्या अहवालातून निघाली, त्या चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याच्या १९४९ साली बांधलेल्या घरात तो हिंडत होता. ते घर कारखान्यांत तयार मिळणारे लोखंडी आणि काचेचे भाग जुळवून बांधलेले आहे. आम्ही जुन्या तबकड्यांचे तुकडे जुळवून गाणे करीत होतो, त्याआधीच यांनी हे घरांच्या बाबतीत केले होते, अशा आशयाचे तो बोलला.

भाग इतरांचे, पण जुळणी आपली. आणि जुळणीखाली सही करावयाची तर भिंत पडली तरी नाव आपलेच, हे आराखडे काढणाऱ्यास पहिल्या दिवशी शिकवितात. शब्द लिहिणाऱ्यास ते कोणी शिकवीत नाही. ओशे जॅक्सनने त्यातले अर्धे १९८९ मध्ये एका कागदावर सही नाकारून शिकले, आणि उरलेले अर्धे दोन वर्षांनी, आपली सही असलेल्या ओळींचा जाब देताना.